बर्लिनचा राडारोडा

दख्खनच्या पठारावर घर बांधणाऱ्या माणसाला दगडाची विवंचना अशी कधी करावी लागली नाही. पाया खणावा तो हात-दोन हातांवर काळा पाषाण लागावा, ही येथील रीत. माळव्याचीही तीच स्थिती. ग्वाल्हेरीस वालुकाश्म, गोव्यात जांभ्याचा चिरा. त्यामुळे ज्या महानगराच्या पोटात दगड म्हणून नाहीच, अशा नगराची कल्पना आपल्याकडच्या माणसास सहसा येत नाही. जर्मनीची राजधानी बर्लिन हे असे नगर आहे. हिमयुगातील हिमनद्या मागे हटताना जी वाळू टाकून गेल्या, तिच्यावर ते वसले आहे. ब्रांडेनबुर्गच्या या मुलखाला पूर्वी लोक थट्टेने साऱ्या जर्मन साम्राज्याची वाळूदाणी म्हणत. शाई टिपण्यासाठी कागदावर वाळू शिंपडायची जी डबी असे, तिचेच हे नाव. वाळू हवी तितकी, पण खडी नाही, घडीव दगड नाही. चुनखडी मिळे ती शहराच्या पूर्वेस काही कोसांवर असलेल्या रूडर्सडोर्फच्या खाणीत. विटा येत उत्तरेकडून, त्सेडेनिकच्या भट्ट्यांतून. १८८७ साली तेथे लोहमार्ग टाकताना चिकणमातीचे मोठे साठे सापडले आणि मग हाफेल नदीतून विटांनी लादलेले पडाव बर्लिनकडे अखंड वाहू लागले. बर्लिन नावेतून उतरले, अशी म्हणच तेथे पडली आहे.

या नावेतून उतरलेल्या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाड्याच्या घरांच्या पाचमजली चाळी उठल्या. जर्मन लोक त्यांना भाड्याच्या बराकी म्हणत. रस्त्याकडे नक्षीदार तोंड, आत चौक, चौकामागे दुसरा चौक, त्यामागे तिसरा. जितके आत जावे तितका उजेड कमी आणि भाडेही कमी. भिंती विटांच्या आणि त्यांतील दर्जा बहुतांशी चुन्याच्या. हा चुन्याचा तपशील वरवर क्षुल्लक वाटतो, पण पुढे घडलेल्या गोष्टीचा निम्मा भार याच चुन्यावर पडला आहे. सिमेंटने जोडलेली वीट सुटी करू गेले तर ती स्वतःच फुटते; चुन्यातली वीट मात्र हातोडीच्या चार हलक्या घावांनी मोकळी होते आणि पुन्हा भिंतीत बसायला तयार असते.

१९४५ च्या मे महिन्यात युद्ध संपले तेव्हा बर्लिनमधील पंधरा लाख घरांपैकी सुमारे सहा लाख घरे नष्ट झाली होती. युद्धापूर्वी त्रेचाळीस लाखांच्या घरात असलेली वस्ती अठ्ठावीस लाखांवर आली होती. रस्त्यांवर आणि रिकाम्या चौथऱ्यांवर साचलेला राडारोडा मोजला गेला तो सुमारे साडेसात कोटी घनमीटर. या आकड्याचा अर्थ लागावा म्हणून असे समजावे की, शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद अशा मैदानावर तो सारा रचला असता तर साडेसात किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहिला असता. त्या ढिगाऱ्यात अखंड विटा होत्या, विटांचे रोडे होते, गिलाव्याचा चुरा होता, लोखंडी तुळया, नळ, फरशीच्या शेगड्या, अर्धवट जळलेली लाकडे होती. न फुटलेले बाँब होते. माणसेही होती.

हा ढीग प्रथम कोणी उपसला, याविषयी जगाच्या मनात एक चित्र ठसलेले आहे. डोक्याला रुमाल बांधलेल्या, पुरुषांचे जुने कोट चढवलेल्या स्त्रियांची एक लांब रांग, आणि हातोहात सरकणाऱ्या बादल्या. हे चित्र खरे आहे. ते पूर्ण मात्र नाही. वास्तविक बाँबहल्ले चालू होते तेव्हाच ढिगारे उपसण्याचे काम सुरू झाले होते आणि ते छळछावण्यांतील कैद्यांकडून, युद्धकैद्यांकडून आणि परदेशांतून पकडून आणलेल्या वेठबिगारांकडून करवून घेतले जात होते. न फुटलेले बाँब काढण्याच्या कामी त्यांनाच पुढे घालीत. युद्ध संपल्यावर प्रथम ज्यांना फावडी देण्यात आली ते हिटलरच्या पक्षाचे भूतपूर्व सभासद. त्यांच्यासाठी ते काम शिक्षा म्हणून होते. त्यानंतर आले ते पोटासाठी येणारे लोक, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. कारण पुरुष मेले होते, पांगळे झाले होते किंवा परक्यांच्या बंदिवासात होते.

पोटासाठी, हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावयाचा आहे. १९४५ च्या मे महिन्याच्या मध्यापासून बर्लिनमध्ये शिधापत्रिकांच्या पाच पायऱ्या ठरवण्यात आल्या. पाचवी पत्रिका गृहिणी, वृद्ध आणि बेकार यांची. तिच्यावर दिवसाला ३०० ग्रॅम पाव, २० ग्रॅम मांस आणि ७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळत. बर्लिनच्या लोकांनी तिला स्वर्गारोहणाची पत्रिका असे नाव दिले होते. भुकेल्या माणसाचा विनोद असा असतो. ढिगाऱ्यावर कामाला जाणाऱ्या बाईला मात्र दुसऱ्या पायरीची पत्रिका मिळू शकत असे : पाव ५०० ग्रॅम, मांस ६५ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १५ ग्रॅम. घरात दोन मुले असतील तर या दोन पत्रिकांमधील अंतर किती मोठे होते हे सांगावयास नको. मजुरी होती तासाला ७२ फेनिग. पण काळ्या बाजारात एका पावाला आठवड्याची सारी कमाई द्यावी लागे, तेव्हा त्या पैशाचे मोल फारसे नव्हतेच. स्त्रियांना बांधकामावर जड काम देण्यास जर्मनीत पूर्वी कायद्याची आडकाठी होती. ती दूर करणारा ३२ क्रमांकाचा कायदा दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने १० जुलै १९४६ रोजी केला. म्हणजे प्रत्यक्ष काम आधी आणि त्याला कायद्याची मान्यता मागाहून, असा प्रकार झाला.

कामाची रीत ठरून गेली होती. उरलेल्या भिंतीला दोर बांधून किंवा हाताने फिरवावयाच्या रहाटाने ती पाडावयाची. मग रांगेने बादल्या भरून माल रस्त्याच्या कडेला आणावयाचा. तेथे हातोडी घेऊन बसलेल्या बायका एकेका विटेचा चुना खरवडून काढीत. अख्ख्या विटा एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, आणि रोडे व चुरा अरुंद रुळांवरील ओतडब्यांत. मोजणीला सोपे जावे म्हणून स्वच्छ विटांच्या दोनशे-दोनशेच्या राशी रचीत आणि मुकादम राशी मोजून हिशेब टिपी. थंडीत हातमोजे नसत. चुन्याची भुकटी डोळ्यांत आणि घशात जाई. या कामात कौशल्य काय, असे कोणी विचारील. परंतु नको तेथे घाव बसला तर विटेचे दोन तुकडे होत, आणि अख्ख्या विटेची किंमत तुकड्याला नव्हती. विटेचा कान ओळखणारा हात बनायला काही आठवडे लागतच.

अख्खी वीट भिंतीत गेली. प्रश्न उरला तो रोड्यांचा, आणि अख्ख्या विटांपेक्षा रोडेच कितीतरी अधिक होते. येथे इंजिनियरांनी जे केले ते आपल्याकडच्या जुन्या गवंड्याला मुळीच नवल वाटले नसते. महाराष्ट्रात गच्चीवर विटांच्या रोड्यांचा कोबा घालण्याची चाल जुनी आहे, आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात कालवून घाणीत मळण्याची विद्या तर त्याहून जुनी. रोमन लोकही चुन्यात विटांची पूड घालीत. अर्थात सुरखी आणि बर्लिनचा रोडा यांत भेद आहे. सुरखी चुन्याशी संयोग पावून त्याला पाण्यातही घट्ट धरावयास लावते. बर्लिनच्या रोड्याचे काम खडीचे होते. तो यंत्रात चिरडून, चाळणीने लहानमोठा निवडून सिमेंटमध्ये खडीच्या जागी घालावयाचा होता. जेथे दगडच नाही तेथे हा रोडा दगडाच्या पदवीला चढला.

पण रोडा हा दगड नव्हे, हे लवकरच कळले. वीट सच्छिद्र असते. कोरडा रोडा मिश्रणात टाकला की तो पाणी शोषून घेतो, आणि सिमेंटला घट्ट होण्यासाठी जे पाणी लागते तेच हिरावले जाते. म्हणून रोडा आधी भिजवून घ्यावा लागे. त्याच्या कडा खरखरीत, त्यामुळे मिश्रण नीट पसरत नसे आणि सिमेंट अधिक लागे. आणि सिमेंट तर दुर्मिळ. सर्वांत फसवा शत्रू म्हणजे गिलाव्यातील जिप्सम. आतील छतांना आणि भिंतींना जिप्समचा गिलावा असे, आणि त्याचा चुरा रोड्याबरोबर मिसळून आला तर त्यातील सल्फेट ओलाव्यात सिमेंटशी झगडून फुगते आणि घट्ट झालेले काँक्रीट आतून तडकते. असे तडकणे पहिल्या दिवशी दिसत नाही. घरात माणसे राहावयास आल्यावर दिसते. म्हणून चिरडण्यापूर्वी माल निवडणे हे चिरडण्याहून महत्त्वाचे काम ठरले. दुसऱ्या बाजूने एक लाभही होता. विटांच्या रोड्याचे काँक्रीट हलके असे आणि थंडी कमी आत येऊ देई. कोळशाचा तुटवडा असलेल्या शहरात हा गुण लहान नव्हता. या रोड्यांपासून पोकळ ठोकळे पाडले गेले, साच्यात ओतून अखंड भिंती उभारल्या गेल्या.

केवळ बर्लिननेच हे केले असे नव्हे. मायन नदीवरील फ्रांकफुर्ट शहराने तर १९४५ सालीच राडारोड्याच्या उपयोगासाठी वेगळी कंपनी काढली आणि शहरातील पडक्या इमारतींचा माल एका ठिकाणी आणून त्याचे ठोकळे करण्याचा कारखाना उभारला. व्यवस्थितपणाच्या बाबतीत फ्रांकफुर्ट बर्लिनच्याही पुढे होते, असे म्हणणे वावगे होणार नाही. १९५१ साली जर्मनीच्या प्रमाण-संस्थेने विटांच्या रोड्याच्या काँक्रीटसाठी ४१६३ क्रमांकाचे मानकच प्रसिद्ध केले. १९५५ च्या अखेरीपर्यंत पश्चिम जर्मनीत असा सुमारे १ कोटी १५ लाख घनमीटर रोडा तयार झाला आणि त्यातून सुमारे पावणेदोन लाख घरे उभी राहिली, अशी नोंद आहे. गरजेपोटी सुरू झालेल्या उद्योगाला मानकाचा क्रमांक मिळाला की तो शास्त्र बनतो. येथे अवघ्या सहा वर्षांत तसे झाले.

बर्लिनची कसोटी मात्र निराळी होती, आणि ती १९४८ साली आली. शहर चार सत्तांमध्ये वाटले गेले होते आणि भोवतालचा सारा मुलूख सोव्हिएत ताब्यात होता. रूडर्सडोर्फची चुनखडी आणि त्सेडेनिकच्या विटा, दोन्ही त्याच मुलखात. २४ जून १९४८ रोजी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रूळ आणि कालवे बंद झाले. वीस लाखांहून अधिक माणसे एका कोरड्या बेटावर अडकली. अमेरिका आणि ब्रिटन यांनी विमानांतून सामान आणावयास आरंभ केला आणि पुढील वर्षभरात सुमारे २३ लाख टन माल आकाशमार्गे आणला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश वजन एकट्या कोळशाचे होते. मग पीठ, दुधाची भुकटी, वाळवलेले बटाटे. आकाशातून खडी आणणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि नेमकी खडीच हवी होती. कारण टेम्पेलहोफ आणि गाटोव्ह हे दोन विमानतळ अपुरे पडत होते व तिसरा बांधल्याशिवाय हिवाळा निभणार नव्हता.

तो तिसरा विमानतळ म्हणजे फ्रेंच विभागातील टेगेल. ५ ऑगस्ट १९४८ रोजी काम सुरू झाले. सतरा हजारांहून अधिक माणसे तीन पाळ्यांत, रात्रीही दिवे लावून राबली; त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. अनेकजणी चपला किंवा उंच टाचांचे जुने जोडे घालून, काहीजणी तर पोहण्याच्या वेषात काम करताना छायाचित्रांत दिसतात. उन्हाळा होता आणि कामाचे कपडे कोणाजवळच नव्हते. भुईवर घालावयाचा भराव म्हणून शहरातील पडक्या घरांच्या विटांचे रोडे आणून ओतले आणि त्यावर रूळ फिरवला. रूळ फिरवावयाला लागणारी जड यंत्रे विमानात मावत नव्हती. ती जर्मनीच्या पश्चिम भागात गॅसच्या ज्योतीने कापून, तुकड्यातुकड्यांनी विमानातून आणून बर्लिनमध्ये पुन्हा सांधण्यात आली. डांबराची पिंपेही विमानानेच आली. नव्वद दिवसांत २,४२८ मीटर लांबीची धावपट्टी तयार झाली. त्या काळी युरोपात तीहून लांब धावपट्टी नव्हती. ५ नोव्हेंबरला पहिले विमान उतरले. ज्या घरांवर विमानांनी बाँब टाकले होते त्यांच्याच विटांवर आता पीठ आणि कोळसा घेऊन विमाने उतरू लागली.

टेगेलच्या कथेत नभोवाणीशी संबंधित एक प्रसंग आहे, तो जाता जाता सांगण्याजोगा आहे. धावपट्टीजवळच सोव्हिएत नियंत्रणाखालील बर्लिन नभोवाणीचे प्रक्षेपण मनोरे उभे होते आणि ते विमानांना अडचण करीत. ते हलवावेत या विनंतीला उत्तर मिळेना. अखेर १६ डिसेंबर १९४८ रोजी फ्रेंच सेनाधिकारी गानवाल यांनी ते सुरुंग लावून पाडले. आपण हे केलेत तरी कसे, असे सोव्हिएत सेनाधिकाऱ्याने विचारले असता, सुरुंगाच्या दारूने, असे त्यांनी उत्तर दिल्याची आख्यायिका बर्लिनमध्ये सांगतात. असो. कोंडी १२ मे १९४९ रोजी उठली.

पूर्व बर्लिनमध्ये याच विटांचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. तेथील राजवटीने १९५२ साली राष्ट्रीय पुनर्रचनेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि स्टालिनच्या नावाच्या रुंद हमरस्त्यावर कामगारांचे महाल उभारावयाचे ठरवले. कचेऱ्यांतील कारकून, विद्यार्थी, गृहिणी कामाचे तास संपल्यावर ढिगाऱ्यांवर जाऊन विटा साफ करीत. ठरावीक पाळ्या भरणाऱ्यांची नावे नव्या घरांच्या सोडतीत घातली जात, तेव्हा या उत्साहात स्वयंसेवा किती आणि घराची आस किती हे वेगळे काढणे अवघड आहे. आणि घराची आस धरणाऱ्याला कमी लेखण्याचेही कारण नाही. हेर्मान हेन्झेलमान या वास्तुशिल्पज्ञाने वेबरवीझे येथे उभारलेली उंच इमारत १९५२ साली पुरी झाली आणि तिची प्रचाराच्या पत्रकांतून मोठी वाहवा झाली. दुसऱ्याच वर्षी सरकारने कामाचे प्रमाण किमान दहा टक्क्यांनी वाढवले, म्हणजे त्याच मजुरीत अधिक काम. १६ जून १९५३ रोजी त्याच हमरस्त्यावरील बांधकाम मजुरांनी हत्यारे खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी उठाव देशभर पसरला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी मोडून काढण्यात आला. वीट पुनःपुन्हा वापरता येते, माणसाचा धीर तसा वापरता येत नाही, हे राजवटीच्या ध्यानात आले ते अंगावर आल्यानंतर. १९६१ साली रस्त्याचे नाव बदलून कार्ल मार्क्सचे नाव देण्यात आले. इमारती आजही तेथे आहेत आणि त्यांची निगा चांगली राखलेली आहे.

आतापर्यंतचे सारे विटांविषयी झाले. काँक्रीटची गोष्ट निराळी. युद्धकाळात हिटलरच्या सरकारने बर्लिनमध्ये विमानविरोधी तोफांसाठी तीन ठिकाणी अवाढव्य बुरूज बांधले होते. त्यांच्या भिंती अडीच मीटरपर्यंत जाड, छत त्याहून जाड, आणि आत लोखंडाची दाट जाळी. प्राणिसंग्रहालयाजवळचा बुरूज ब्रिटिशांनी १९४७ साली २५ टन स्फोटके लावून उडवावयाचा यत्न केला. धुरळा बसला तेव्हा बुरूज होता तेथेच उभा होता. पुढे त्यात चारशेवर भोके पाडून, ३५ टन स्फोटके भरून ३० जुलै १९४८ रोजी तो एकदाचा पाडला. हुंबोल्टहाइनचा बुरूज लोहमार्गाला लागून असल्याने फ्रेंचांना अर्धाच पाडता आला. उरलेला अर्धा आजही उभा आहे आणि गिर्यारोहणाचा सराव करणारे लोक त्याच्या भिंती चढतात. फ्रीडरिक्सहाइन उद्यानातील बुरुजात संग्रहालयांची चित्रे सुरक्षित म्हणून ठेवली होती. ती १९४५ च्या मे महिन्यात, लढाई थांबल्यावर, आगीत भस्म झाली. चारशेवर चित्रे होती, त्यांत कारावाज्जो आणि रुबेन्स यांचीही. तो बुरूज पाडून त्यावर सुमारे वीस लाख घनमीटर राडारोडा ओतला आणि वर झाडे लावली. आज ती टेकडी समुद्रसपाटीपासून ७८ मीटर उंच आहे. विटेने दुसरा जन्म घेतला. या काँक्रीटला मात्र मातीखाली गाडून टाकण्याखेरीज त्या काळच्या यंत्रांना दुसरे काही सुचले नाही.

अशा टेकड्यांत सर्वांत मोठी ती ग्रुनेवाल्ड अरण्याच्या कडेची टॉयफेल्सबेर्ग, म्हणजे सैतानाची टेकडी. तेथे हिटलरने १९३७ साली युद्धतंत्राच्या महाविद्यालयाची कोनशिला बसवली होती. अर्धवट बांधलेली ती इमारत पाडणे जड जाईना का, तिच्यावरच शहराचा राडारोडा टाकावा असे ठरले. १९५० पासून १९७२ पर्यंत ट्रकांची रीघ चालू होती. सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर मालाची ही टेकडी १२० मीटर उंच झाली, आणि वाळूच्या सपाट शहराला डोंगर लाभला. तिच्या माथ्यावर अमेरिकनांनी पूर्वेकडील संदेश चोरून ऐकण्याचे केंद्र थाटले. उतारावर मुले हिवाळ्यात बर्फावरून घसरू लागली. पावसाने माती वाहून गेली की वाटेवर अजूनही विटांचे लाल तुकडे आणि फरशीच्या कपच्या उघड्या पडतात.

काँक्रीटचा पुनर्वापर बर्लिनमध्ये खऱ्या अर्थाने सुरू झाला तो भिंत पडल्यावर. १३ ऑगस्ट १९६१ रोजी घातलेल्या कुंपणाची पुढे काँक्रीटची भिंत झाली. १९७५ नंतर तिच्यासाठी जे ठोकळे वापरले ते ३.६० मीटर उंच, १.२० मीटर रुंद आणि पावणेतीन टनांचे. असे सुमारे ४५,००० ठोकळे शहराभोवती आणि शहरातून उभे होते. भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी उघडली, पण तिचे सरकारी पाडकाम १३ जून १९९० रोजी बेर्नाउअर रस्त्यावर सुरू झाले आणि ते काम भिंत राखणाऱ्या त्याच सीमादलाच्या शिपायांकडे आले. रंगवलेले काही ठोकळे लिलावात गेले, काही जगातील संग्रहालयांत गेले. बाकीचे बहुतेक सारे चिरडून, त्यांतील सळया वेगळ्या काढून, रस्त्यांच्या पायात घालण्यात आले. ज्या भिंतीजवळ जाण्यास बंदी होती तिच्यावरून आता मोटारी जातात, आणि चाकाखाली काय आहे हे त्यांना ठाऊक नसते.

चिरडलेल्या काँक्रीटची अडचण विटांच्या रोड्याहून फार वेगळी नाही. त्यातील दगडाला जुन्या सिमेंटचा थर चिकटून राहतो, तो पाणी पितो आणि नव्या काँक्रीटची ताकद घटवू शकतो. बारीक चुऱ्यात हा दोष सर्वांत अधिक. म्हणून जाड खडी तेवढी घ्यावयाची आणि तीही ठरावीक प्रमाणातच, असा दंडक जर्मनीने घातला. १९९८ साली यासंबंधीचे मार्गदर्शक नियम झाले आणि २००२ साली मानक. भारतानेही २०१६ साली आपले ३८३ क्रमांकाचे मानक सुधारून सळयांच्या काँक्रीटमध्ये वीस टक्क्यांपर्यंत अशी खडी घालण्याची मुभा दिली आहे. तरीही चिरडलेला बहुतेक माल रस्त्याखालीच जातो आणि घराच्या भिंतीत त्यातला थोडाच पोहोचतो. म्हणून काही वास्तुशिल्पज्ञांनी चिरडण्याचाच मार्ग सोडला. पूर्व बर्लिनच्या मारत्सान भागातील तयार तावदानांची उंच घरे ओस पडून पाडली जात होती, तेव्हा त्यांची काँक्रीटची तावदाने क्रेनने अखंड उतरवून घेऊन शहराबाहेर मेरोव येथे २००५ साली एका कुटुंबाचे घर बांधण्यात आले. हातोडीने वीट मोकळी करणाऱ्या बाईचे काम येथे क्रेनने केले, एवढाच फरक.

त्या बाईविषयीही अलीकडे वाद झाला आहे. लेओनी ट्रेबर या इतिहासलेखिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, बर्लिनमध्ये या कामावर गेलेल्या स्त्रिया सुमारे साठ हजार होत्या आणि इतर बहुतेक शहरांत त्यांची संख्या अगदी नगण्य होती. ढिगाऱ्यांचा मोठा भाग कंत्राटदारांच्या यंत्रांनी आणि पगारी मजुरांनी हलवला. साऱ्या जर्मनीतील स्त्रियांनी आपण होऊन देश उपसून काढला ही समजूत पुढे रुजली, आणि वेठबिगारांची आठवण तिच्याखाली दबली. हे म्हणणे पुराव्याचे आहे. तथापि साठ हजार हीही लहान संख्या नव्हे. आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना आपण इतिहास घडवीत आहो असे वाटत नव्हते, त्यांना दुसऱ्या पायरीची शिधापत्रिका हवी होती.

पूर्व बर्लिनने १९५८ साली आपल्या नगरभवनासमोर त्या कामगार स्त्रीचा पुतळा बसवला. फ्रिट्झ क्रेमर या शिल्पकाराने घडवलेली ती बाई ताठ उभी आहे, कामाला निघालेली. पश्चिम बर्लिनने तीन वर्षे आधी, १९५५ साली, हाजेनहाइडे उद्यानात दुसरा पुतळा उभारला होता. तो कातारीना झेलिन्स्की-झिंगर या शिल्पकर्तीचा आहे. तिची बाई दगडी विटांवर बसलेली आहे. डोक्याला रुमाल, मांडीवर हातोडी, आणि हात क्षणभर थांबलेले.